अर्ध्या डॉक्टरचं कॉलेज

बारावीनंतर मेडिकलला माझा नंबर थोडक्यात हुकला आणि डेंटलला लागत होता. घरात कुणीतरी आजारी पडावं तशी ही बातमी घेतली गेली. मारेगावात आमचं घर तहसील कचेरीपासून हाकेच्या अंतरावर होतं आणि बाबा त्याच कचेरीत कारकून होते. त्यामुळे दुपारपर्यंत निम्म्या गावाला माझे मार्क पाठ झाले होते. संध्याकाळी माणसं येऊन बसली, चहा प्यायली आणि "असू द्या, होते असं" म्हणून गेली.

बाबांचं मत एका दमात संपलं.

"दाताचा डॉक्टर म्हंजे अर्धा डॉक्टर. रिपीट कर."

बाबा बोलतच कमी. ओठ जेमतेम हलायचे, शब्द दातांतून निसटल्यासारखे बाहेर यायचे, आणि हसले तरी तोंड मिटलेलंच असायचं. कचेरीत या मितभाषीपणाचा चांगलाच दबदबा होता. नवा शिपाई आठवडाभर त्यांना तहसीलदार समजत होता म्हणे. त्या वर्षांत कापसानं जिल्ह्याची दैना केली होती. बाबांच्या टेबलावर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या फायली येतात हे ठाऊक असल्यानं घरी त्याबद्दल कुणी विचारत नसे. रोज ते वाचून माणूस गप्प होणारच, असं आई म्हणायची, आणि मला ते पटायचं.

त्यांनी तिखटही सोडलं होतं. आमच्याकडे हे जरा जगावेगळंच. आई त्यांच्यासाठी बिनमिरचीचं वरण वेगळं काढायची आणि त्यात पोळी कुस्करून द्यायची. मामा आले की चिडवायचे, "भाऊजी पुण्याचे झाले!" बाबा ओठ मिटून हसायचे. आम्हीही हसायचो.

मला दातांबद्दल काही विशेष प्रेम होतं असं नाही. मला रिपीट करायचं नव्हतं, एवढंच पक्कं होतं. आमच्या गल्लीत एक मुलगी दुसऱ्यांदा रिपीट करत होती. दिवसभर खिडकीत पुस्तक धरून बसलेली असायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिची आई "यंदा नक्की" असं ऐकवायची. मला ती खिडकी नको होती. सरकारी कॉलेज नागपूरचंही मिळत होतं आणि मुंबईचंही. मला मुंबई हवी होती, कारण ती मारेगावपासून जास्त लांब होती. पण बाबा "रिपीट"वरून हलत नव्हते.

शेवटी आईनं तोडगा काढला. यवतमाळला एका जुन्या डॉक्टरांनी तिची दाढ काढली होती. "दात काढणाऱ्यालेच विचारून या न," ती म्हणाली. बाबा तयार झाले. डॉक्टर आपल्याच बाजूनं बोलतील अशी त्यांची खात्री असावी.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर कुणीही नव्हतं. डॉक्टर आत वर्तमानपत्र वाचत बसले होते. आम्हाला बघून त्यांना बरं वाटलं, पण पेशंट नाहीत हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाबांनी अडचण सांगितली. तीसुद्धा थोडक्यात.

"खरं सांगू का भाऊ," डॉक्टर म्हणाले, "आपल्या इकडे दात पेरणीच्या वक्ताले दुखते अन् दिवाळीनंतर निघते. कापसाच्या पैशाचा चुकारा हातात पडला की माह्या दवाखान्यात गर्दी. आता चुकारेच धड होऊन नाही राह्यले. मंग लोक लवंग दाबून बसते. बाहेरचा बाक तर तुम्ही पाह्यलाच."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पाह्य," एवढंच म्हणाले. लातूरचे रिपीटरचे क्लासेस, ती खिडकी, "यंदा नक्की" हे सगळं डोळ्यांपुढून गेलं.

काम मनासारखं झालं होतं. असं काम झालं की आमच्याकडचा माणूस जे करतो, तेच बाबांनी केलं. शर्टाच्या खिशातून खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी काढली, गाठ सोडली आणि अदबीनं डॉक्टरांपुढे धरली. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला तो खर्रा म्हणजे आमच्या भागातला नमस्कारच. तो पुढे केल्याशिवाय कचेरीत फाईल हलत नाही, सोयरिकीची बोलणी सुरू होत नाहीत आणि मयतीच्या घरी बसता येत नाही. समोरचा माणूस दातांचा डॉक्टर आहे हे बाबा विसरले होते असं मला वाटत नाही. त्यांच्या मते ती वेगळी बाब होती.

डॉक्टर हसतील असं मला वाटलं होतं. ते पन्नीकडे बघत राहिले, मग बाबांच्या तोंडाकडे.

"भाऊ, जरा तोंड उघडा."

बाबांनी उघडलं.

"अजून."

"इतकंच उघडते."

डॉक्टरांनी त्यांना स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगितली. दोन कशीबशी गेली. मग मला म्हणाले, "तू घालून पाह्य." माझी तिन्ही सहज गेली. ती तशीच तोंडात ठेवून मी बाबांकडे बघत होते, आणि मला एकदम लाज वाटली.

"तिखट खाता का?"

"नाही."

"काहून?"

"आग होते."

ते बिनमिरचीचं वरण, कुस्करलेली पोळी, मामांची थट्टा आणि कचेरीतला दबदबा एका खर्ऱ्यापाशी येऊन थांबले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. खर्ऱ्यानं तोंडाची आतली कातडी आवळत जाते. एकदा आवळली की पहिल्यासारखी होत नाही. सोडला तर बहुतेक आहे तिथंच थांबते, नाही सोडला तर कॅन्सरची भीती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेडिकलचं मले काही समजत नाही. पन जिल्ह्यात अशी तोंडं घरोघरी आहेत, अन् त्याहिले ते दुखणं वाटतच नाही. शिकायचं असंन तर काम भरपूर आहे. पैसा मात्र विचारू नको."

परतताना बाबा खिडकीशी बसले. उघडी पन्नी डॉक्टरांच्या टेबलावरच राहिली होती. बस करंजीला थांबली तसे ते उतरले, पानठेल्यावर गेले आणि नवा खर्रा घोटून घेऊन आले. मला संताप आला. ते बसले, पन्नी खिशात टाकली आणि समोर बघत म्हणाले, "नागपूरले जाय."

"म्हणजे रिपीट नको?"

"नको."

"मग मुंबई काहून नको?"

"मुंबईले मले येता येईन का?"

भेटायला येण्याबद्दल बोलताहेत असं मला वाटलं. जीव भांड्यात पडला होता, तरी मुंबई गेली म्हणून मी घरापर्यंत फुगून बसले.

बाबा नागपूरला भेटायला मात्र कधी आले नाहीत. डबे आई पाठवायची, एसटीच्या कंडक्टरबरोबर. सुट्टीत घरी गेले की मी खर्ऱ्यावरून भांडायचे. बाबा ऐकून घ्यायचे आणि अंगणात जायचे. पुढे पुढे मी भांडणं सोडलं.

तिसऱ्या वर्षी आम्हाला पेशंट बघायला मिळू लागले. एका सकाळी ओपीडीच्या बाकावर, केसपेपर हातात धरून, बाबा बसलेले दिसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी उठून पुढे जाणार, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि समोरच्या रांगेकडे बोट दाखवलं. पाळी आली तेव्हा माझ्या खुर्चीत येऊन बसले.

मागे आमच्या मॅडम उभ्या होत्या. त्यामुळे सगळ्या पेशंटना विचारायचे तसंच विचारलं, "तंबाखू, खर्रा, काही खाता का?" या प्रश्नाला आमच्याकडचे लोक हमखास खोटं बोलतात. खिशातून पन्नी डोकावत असते आणि माणूस "कधीमधी" म्हणतो. बाबांचा खिसा मी आधीच पाहिला होता. तो फुगलेला होता.

"खातो, डॉक्टर," बाबा म्हणाले. "रोज खातो. सोडाले आलो."

आणि खिशातली पन्नी काढून त्यांनी अदबीनं माझ्या ट्रेमध्ये ठेवली. मला रडू येत होतं. तोंडाला मास्क होता म्हणून निभावलं. मी हातमोजे चढवले आणि म्हटलं, "तोंड उघडा, बाबा."

जितकं उघडत होतं, तितकं त्यांनी उघडलं.