आईच्या फोटोतले दात

मी हसले, एवढंच झालं होतं.

मुलुंडला अभिजितच्या घरी आम्ही सगळे बसलो होतो. आमच्या साखरपुड्याचं ठरत होतं. त्याच्या आत्यांनी कुठल्याशा लग्नातली गंमत सांगितली. नवरदेवाच्या चपला लपवल्या आणि त्या गडबडीत भटजींच्याच हरवल्या, अशी काहीतरी. मी मोकळेपणाने हसले. आई गेल्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच.

अभिजितची आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी त्यांना काकू म्हणायचे. माझं हसू ओसरायच्या आत त्यांनी विचारलं,

"तू मशेरी लावतेस का गं?"



"नाही काकू. लहानपणी लावायचे. सोडून खूप वर्षं झाली."

"नाही, तुमच्याकडे बायका लावतात ना, म्हणून विचारलं." मग आत्यांकडे वळून, "डाग काही जात नाहीत बाई. बघा की तुम्हीच."

आत्या पुढे झुकल्या. गुरांच्या बाजारात जनावर विकत घेण्याआधी बघतात तसं बघितलं. मी ओठ मिटले. अभिजित मोबाईलवर काहीतरी वाचत होता. म्हणजे, वाचत असल्यासारखा बसला होता.

काकू आत गेल्या आणि एक चकचकीत खोकं घेऊन आल्या. माझ्या मांडीवर ठेवलं.

"ऑनलाइन मागवून ठेवलं होतं. दात पांढरे होतात. घरच्या घरी, कुणाला कळतही नाही. हॉलमध्ये लाइट किती असतात, फोटोत सगळं येतं."

मागवून ठेवलं होतं. म्हणजे माझे दात त्यांनी आज पहिल्यांदा बघितले नव्हते. त्यावर त्या घरात आधीच बोलणं झालं होतं. मी नसताना.

मी म्हटलं, "थँक यू, काकू."

आई मेल्याचं दुःख वेगळं आणि हे वेगळं. पण ते 'थँक यू' मला अजून टोचतं.

आमची खोली विक्रोळीला, चाळीत. बाबा मी शाळेत असतानाच गेले. आई एका कारखान्यात डब्यांना झाकणं बसवायच्या कामावर होती. दिवसभर उभं राहायचं काम. निघण्याआधी ती स्टोव्हवर तवा ठेवून तंबाखू भाजायची, पार काळी होईपर्यंत. मग चुरून बारीक करायची. हीच मशेरी. उंबऱ्यात उकिडवी बसून ती बोटाने दातांवर घासायची, कितीतरी वेळ. त्या वासाने शेजारची पोरं खोकत. दाढ दुखते म्हणून मी एकदा रडले, तेव्हा माझ्याही दाढेला तिने तीच लावली. गावाकडे तिच्या आईने तिला लावली होती तशीच. मग मलाही सवय झाली. नववीत एका बाईंनी वर्गात उभं करून माझ्या तोंडाचा वास घेतला, त्या दिवशी मी सोडली. आईने सोडली नाही.

ती सकाळी खात नसे. डब्यात माझ्यासाठी पोळी-भाजी भरायची आणि स्वतः चहाच्या घोटावर निघायची. मी विचारलं की म्हणायची, "मशेरी लावलंय. आता दुपारपर्यंत भूक लागाची नाय."

हे तिने एखादी युक्ती सांगावी तसं सांगितलं होतं. मी वाचणारी मुलगी. पुस्तकातल्या भुकेवर मी निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. पण समोर उंबऱ्यात बसलेली भूक मला ओळखता आली नाही.

मशेरी चांगली होती असं मी म्हणत नाही. तिनेच आईला नेलं. गालाच्या आत एक चट्टा आला, तो भरला नाही. शेवटी तिला पाणीही चमच्याने द्यावं लागत होतं. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथालयात काम करते. रजा संपल्या तेव्हा बिनपगारी राहिले. ती गेली तेव्हा तोंडाची एक बाजू सुजलेली होती, आणि तिने पदर तोंडावर धरला होता. नर्सपासूनसुद्धा लपवायचं म्हणून.

अभिजित आणि मी कॉलेजपासूनचे. त्याच्या घरच्यांनी बराच काळ नाही म्हटलं, मग हो म्हटलं. काकू सगळ्यांना सांगत, "आम्ही बाकी काही बघितलं नाही. मुलगी शिकलेली आहे, एवढंच बघितलं." ते 'बाकी काही' म्हणजे आमची खोली होती, आई होती, आमची बोली होती. आई गेल्यावर कणकवलीहून मामा आला. घरात आई किंवा बाप गेला की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. अभिजितकडचीही तीच. म्हणून घाई. माझं रडणं अर्धवट असताना बस्त्याच्या गोष्टी सुरू झाल्या.

काकूंनी मला आणखी एक सांगितलं होतं. "तुझ्या आईचं कशाने झालं ते आम्ही नातेवाइकांत हार्टचं सांगितलंय. तूही तेच सांग. तोंडाचं म्हटलं की लोक नको ते विचारतात."

मी तेही ऐकलं.

खोकं घरी आणलं. आत मऊ प्लास्टिकचा साचा होता, दातांवर बसवायचा. त्यात भरायचं जेल. माझ्या दातांची मुळं घासून घासून उघडी पडलेली. गार पाणी लागलं तरी कळ डोक्यापर्यंत जाते. म्हणून स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरला विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "हे तुमच्यासाठी नाही. आधी मुळांचे उपचार करा. घरी हे लावलंत तर हाल होतील." मी काकूंना फोन करून तसं म्हटलं.

"डॉक्टरांना काय, त्यांना पेशंट हवेत. थोडं दुखणारच गं. चांगलं दिसायचं तर बाईला थोडं सोसावं लागतं."

कामावरून आले की मी आरशासमोर बसायचे. साचा बसवायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं, लाळ पुसत राहायची. थोड्या वेळाने कळा सुरू व्हायच्या. विजेचा झटका बसावा तशा, कधी या दाताला, कधी त्या. हिरडीवर पांढरे चट्टे उठले. जेवायला कोमट दूधभात. वाऱ्यावर तोंड उघडता येईना, म्हणून ग्रंथालयात मुलांशी बोलायचं टाळायला लागले. मुलं पुस्तक मागायची आणि मी नुसतं बोट दाखवायचे. एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, "मॅडम चिडल्यात काय रे?"

घरी विचारणारं कोणी नव्हतंच. आई असती तर म्हणाली असती, काय चाललाहा तुझा? कदाचित खोकं उचलून गॅलरीतून खाली टाकलं असतं. कदाचित नसतंही. मुलीचं लग्न मोडू नये म्हणून तिनेही मला सोसायला सांगितलं असतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपण आपल्याला हवं ते घालतो. मला ते करायचं नाही.

दात थोडे पांढरे झाले. काकू म्हणाल्या, "बघ, किती फरक पडला!"

साखरपुड्याला आईचा फोटो खुर्चीवर ठेवायचा होता, हार घालून, पाया पडण्यासाठी. काकू म्हणाल्या होत्या, "फोटो पाठव, आम्ही मोठा करून फ्रेम करून घेतो." माझ्याकडे आईचा हसरा एकच फोटो. मला नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी मी मोबाईलवर काढलेला. एरवी कुणीही मोबाईल उचलला की ती पदर तोंडाशी न्यायची. त्या दिवशी विसरली. तोंडभर हसली. काळे दात, त्यातला एक पडलेला, सगळं उघडं. मी तो फोटो अभिजितला पाठवला.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी मुलुंडला गेले. फ्रेम सोफ्यावर ठेवली होती. वरचा कागद काकूंनीच काढला.

फोटोत आई होती आणि नव्हती. साडी तिची. कुंकू तिचं. गालावरचा तीळही होता. आणि तोंडात एका ओळीत पांढरेशुभ्र दात. पडलेल्या दाताच्या जागीही एक. टूथपेस्टच्या जाहिरातीतलं तोंड कापून कुणीतरी आईला चिकटवलं होतं.

"जरा नीट करून घेतला," काकू म्हणाल्या. "हॉलमध्ये आमची सगळी माणसं असणार. किती छान दिसतात ना आता?"

 स्वतःचे दात त्यांच्या हवाली करताना मी काही बोलले नव्हते. माझं दुखणं मला सोसण्यासारखं वाटलं होतं. पण ही बाई आयुष्यभर तोंडावर पदर धरून जगली. मरताना धरून मेली. एकदाच विसरली. आणि त्या एका हसण्यावर यांनी, ती मेल्यानंतर, स्वतःच्या हाताने पदर ओढला.

तेव्हा मला कळलं. हे थांबणार नव्हतं. आज दात. उद्या तिचं बोलणं, तिची चाळ, तिचा कारखाना. मग एक दिवस माझ्या मुलांना सांगितलं जाईल, तुमची आजी हार्टने गेली. आणि ती मुलं या फोटोतल्या बाईला आजी म्हणतील.

मी म्हटलं, "हा फोटो खुर्चीवर राहणार नाही. मी पाठवला होता तोच राहील."

"अगं, तो कसा ठेवायचा सगळ्यांसमोर?"

"जसा आहे तसा."

अभिजित पहिल्यांदा बोलला. "एवढ्याशा गोष्टीवरून? दातच तर आहेत, यार."

"दातच आहेत. मग राहू देत ना."

तो स्वतःच्या आईकडे बघायला लागला. मी वाट बघितली. खरंच बघितली. इतक्या वर्षांची ओळख होती, त्याने एक वाक्य बोलावं एवढीच माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "उद्याचा दिवस जाऊ दे. नंतर तुझ्या घरी तुला हवा तो लाव."

तुझ्या घरी.

मी बोटातली अंगठी काढायला हात लावला आणि लक्षात आलं, अंगठी अजून यायची होती. काढायलाही काही नव्हतं. फ्रेम उचलली. काकू म्हणाल्या, "ती कुठे नेतेस?" मी म्हटलं, "इथे ठेवायची नाही." आणि निघाले.

मामा घरी होता. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "वरीस सरला तर तीन वर्सां थांबूक लागतला, कळता तुका? मगे कोण करतलो तुका?"

"थांबतलंय," मी म्हटलं.

तो कितीतरी वेळ बडबडत होता. आईचं नाव घेऊन, तिच्या आत्म्याचं नाव घेऊन. त्याचंही दुःख खरं होतं. त्याचीही बहीण गेली होती.  पण मी स्क्रू ड्रायव्हरने फ्रेमच्या मागचे खिळे उचकटले, तो कागद बाहेर काढला आणि फाडला. आधी तोंड. मग बाकीचं.

या गोष्टीला आता काही महिने झाले. अभिजितचे फोन आले, मग थांबले. गार पाण्याची कळ अजून जाते, थोडी जास्तच. संध्याकाळी खोलीत माझ्याशिवाय कुणाचा आवाज नसतो. हे मला जड जातं, आणि जात नाही असं मी म्हणणार नाही.

पण काही गोष्टी मी ठरवल्या आहेत. माझी आई कशाने गेली असं कुणी विचारलं तर मी तोंडाच्या कॅन्सरचं नाव घेईन, मशेरीचं नाव घेईन, आणि ती सकाळी उपाशी कामाला का जायची तेही सांगेन. ऐकणाऱ्याला अवघडलं तर अवघडू दे. आणि ज्या घरात माझी आई तिच्या तोंडासकट येणार नाही, त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही.