कोगुरे वस्तादांचा डावा इंडिकेटर

आमच्या गुन्मा प्रांतात दोन गोष्टींचं राज्य चालतं, असं सगळा जपान म्हणतो: हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्याचं आणि घरातल्या बायकांचं. वाऱ्याबद्दल माझा वाद नाही. बायकांच्या बाबतीत आमच्या किर्यू गावातलं एक घर मात्र अपवाद होतं. ते घर कोगुरे शिगेओंचं.

कोगुरे वस्ताद गाड्यांचं वायरिंग करतात. वय चौऱ्याहत्तर, आणि जीभ त्याहून म्हातारी, म्हणजे कशालाच न भिणारी. आमच्याकडे माणसं 'नाही' म्हणायचं असेल तर 'जरा अवघड आहे' म्हणतात आणि मान तिरकी करतात. वस्तादांना हे कधी जमलं नाही. देवळाच्या पुजाऱ्यांनी गाडी आणली तेव्हा ते त्यांना म्हणाले होते की तुमचं वायरिंग तुमच्या प्रवचनासारखं आहे, कुठूनही निघतं आणि कुठेच पोचत नाही. पुजारी पुढच्या वर्षी पुन्हा आले. कारण वस्तादांच्या हातची गाडी सरकारी तपासणीत कधी नापास होत नसे. शेहेचाळीस वर्षांत एकही नाही. ते सगळ्यांना ऐकवत, "माझ्या हातची गाडी ज्या दिवशी तपासणीतून परत येईल, त्या दिवशी शटर खाली."

त्यांचं गॅरेज विणकामाच्या एका जुन्या शेडमध्ये आहे. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि त्यातून उत्तरेचा उजेड येतो. तिथे पूर्वी रेशीम विणत, त्या उजेडात रंग खरे दिसतात म्हणून. वस्तादांच्या बायकोने, तोमिए वहिनींनी, त्याच शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं सूत निवडलं होतं. काळ्याच्या अकरा छटा त्या वेगवेगळ्या काढून दाखवत. पण दाखवत नुसत्या, बोलत नसत. सूप अळणी आहे असं नवरा म्हणाला की मीठ, खारट आहे म्हणाला की पाणी. आमच्या प्रांताचं नाव बुडवायला ही एक बाई पुरेशी होती.

आता माझी गाडी. एकोणीसशे चौऱ्याहत्तरची दोन दारांची, अकरा वर्षांपूर्वी मी ती एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून उचलली. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मी तीस वर्षं पाचिंकोची, म्हणजे छर्ऱ्यांच्या जुगाराची, यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होतो. वायरिंग आपल्याला येतं, असा माझा समज तिथेच झाला. कारखान्यातली उरलेली वायर घेऊन मी अख्खी गाडी नव्याने जोडली. सगळी वायर पांढरी होती. वायपर सुरू केला की हॉर्न वाजे. ब्रेक दाबला की रेडिओ बंद पडे, आणि ते एक बरं होतं.

शेवटी नाक मुठीत धरून वस्तादांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, पाहिलं, हळूच परत लावलं.

"होशिनो, हे तू केलंस की कोंबड्यांनी?"

"मी."

"मग कोंबड्यांची माफी माग."

पण गाडी ठेवून घेतली. पुढचे दीड महिने मी रोज तिथे पडीक होतो. वस्तादांनी माझी सगळी वायर बाहेर ओढून बांबूवर टांगली, उदोनच्या जाड शेवया वाळत घालतात तशी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती बघून हसता यावं. मग मूळ गाडीत होता तोच रंग, तीच रेघ, अशी एकेक नवी तार टाकली. फ्यूजची पेटी नवी बसवली, अर्थिंगच्या जागा घासून लख्ख केल्या. तारांची जुडी ते प्लास्टिकच्या पट्टीने कधी आवळत नाहीत. मेण लावलेला रेशमी दोरा घेतात आणि दर चार बोटांवर विणकरांची गाठ मारतात. ती गाठ लग्नाच्या वर्षी वहिनींनीच त्यांना शिकवली होती.

हे सगळं बघताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वस्ताद तार नाकाला लावून बघत होते. दोनदा त्यांनी चहा समजून कपात सोया सॉस ओतला, आणि एकदा तर तो प्यायलेही, चूक कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं. मोतीबिंदू. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणत, माझ्या गाडीत मी परक्याला पाना घालू देत नाही, डोळ्यात सुई कशी घालू देईन?

मंगळवारी दिव्यांची चाचणी झाली. वस्ताद स्टिअरिंगवर, वहिनी आणि मी गाडीच्या मागे. वस्तादांनी डावा इंडिकेटर दिला आणि आतून विचारलं, "लागला?"

उजवा लागला होता.

मागे जाणाऱ्या दोन तारा त्यांनी उलट जोडल्या होत्या. हिरव्या तारेवर काळी रेघ डाव्या दिव्याची, पिवळी रेघ उजव्याची, आणि दोन्ही रेघा त्यांना सारख्याच दिसल्या होत्या. पुढचे दिवे आणि डॅशबोर्डवरचा बाण बरोबर होते, म्हणून आत बसून त्यांना काही कळायला मार्ग नव्हता. मी वहिनींकडे पाहिलं नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. शटर खाली, हे दोन शब्द दोघांच्याही डोक्यात वाजले असणार.

"लागला," वहिनी म्हणाल्या.

"लागला," मी म्हणालो.

त्या माणसाने मला दीड महिना गाढव ठरवलं होतं. तरी तो शेडमध्ये नसलेलं गाव माझ्या डोळ्यापुढे येईना.

वस्तादांचा एक नियम होता. काम संपलं की बॅटरीची तार काढून ठेवायची आणि पुन्हा काही तपासायचं नाही, तो हातांचा अपमान. बुधवारी दुपारी ते जेवून झोपले तेव्हा मी डिकी उघडली, दिव्यांच्या मागच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळून टाकली. बॅटरी सुटलेली, त्यामुळे लावून बघायची सोय नव्हती. गरजही नव्हती. दोन तारा उलट्या होत्या, मी सुलट्या केल्या. मनात म्हटलं, होशिनो, जन्मात एक तरी तार बरोबर जोडलीस.

शुक्रवारी तपासणी होती, माएबाशीला, सव्वीस किलोमीटरवर. लाल रेघेची तात्पुरती नंबरपाटी लावून वस्ताद माझी गाडी घेऊन पुढे निघाले. त्यांच्या छोट्या मालट्रकमधून वहिनी आणि मी मागे. पहिल्याच चौकात वस्तादांना डावीकडे वळायचं होतं. उजवा दिवा लुकलुकला आणि गाडी डावीकडे गेली.

या वेळी आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "काल सकाळी हे मैदानावर कवायतीला गेले होते ना, तेव्हा मी तारा बदलल्या. दाराखालच्या जोडात."

"मी परवा बदलल्या. डिकीत."

सूत मोजण्यात आयुष्य गेलेली बाई, माझ्याआधी तिला हिशोब लागला. "म्हणजे आपण दोघांनी मिळून यांची चूक जशीच्या तशी परत बसवली."

मी हॉर्न वाजवला. आमच्याकडे विनाकारण हॉर्न म्हणजे शिवीच, पण वस्तादांना वाटलं मी गाडीचं कौतुक करतोय. त्यांनी खिडकीतून हात हलवला आणि वेग वाढवला. त्यांचा फोन नेहमीप्रमाणे गॅरेजच्या फळीवर होता. समोरून वारा असा की ट्रक जागच्या जागी पळतोय असं वाटावं. ओतामाच्या सिग्नलला ते निघून गेले आणि आम्ही लाल दिव्यात अडकलो.

केंद्रावर पोचलो तेव्हा माझी गाडी तिसऱ्या रांगेत दुसरी होती. आम्ही धावत गेलो आणि थांबलो. जमिनीवर पिवळी रेघ होती, सोबत आलेल्यांनी हिच्यापुढे जाऊ नये अशी पाटी होती. एका माणसाची शेहेचाळीस वर्षं पणाला लागली होती, आणि आम्ही दोन शहाणे पायाची बोटं त्या रेघेला लावून उभे. पुढची गाडी आत गेली. तपासनिसाने वस्तादांना हाताने बोलावलं.

माझ्या शेजारून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"अहो, चुकलंय! मागचे दिवे चुकलेत! बाहेर या!"

तीनही रांगा वळून बघू लागल्या. तपासनिसाचा वर केलेला हात वरच राहिला. माझी गाडी थोडी थांबली, मग हळूहळू मागे आली, रांगेतून निघाली आणि आमच्यासमोर येऊन उभी राहिली. वस्ताद उतरले.

"काय चुकलंय?"

"डावा दिला की मागे उजवा लागतो. मंगळवारपासून."

"मंगळवारी तू 'लागला' म्हणालीस."

"खोटं बोलले."

"मीपण," मी म्हणालो. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

काय काय केलं ते वहिनींनी सरळ सांगून टाकलं. वस्तादांनी डिकी उघडली, प्लास्टिकच्या पट्टीला बोट लावलं आणि ही घाण होशिनोची, एवढंच म्हणाले. मग गुडघे टेकून दाराखालचा जोड चाचपला. तिथे रेशमी दोरा होता. गाठीवरून त्यांचा अंगठा कितीतरी वेळा फिरला.

"ही माझी नाही. माझी एवढी चांगली बसत नाही." मग मान वर न करता म्हणाले, "मी सगळ्यांना तोंडावर खरं सांगतो. मला सांगायला कोणी नाही?"

"तुम्ही जागाच ठेवली नाहीत."

आणि मग वहिनींना थांबता येईना. सूप कधीच अळणी नव्हतं. माझ्या आईच्या अंत्यविधीला तुम्ही जे बोललात ते बोलायचं नसतं. सोया सॉस प्यायलात ते मी पाहिलं. आणि उद्या सकाळी आठ वाजता डोळ्यांचा दवाखाना. वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठलासा डोंगर बघत होतो.

खरी चूक होती तिथेच वहिनींनी ती निस्तरली होती, म्हणून वस्तादांनी त्यांची गाठ तशीच ठेवली. फक्त माझी पट्टी कापली, दोन तारा सोडवल्या आणि त्या बायकोच्या डोळ्यांसमोर धरल्या.

"काळी कोणती?"

"ही."

"नक्की?"

"अकरापैकी सातवी," वहिनी म्हणाल्या.

गाडी पास झाली. वस्ताद तरी शटर-शटर पुटपुटत होते. वहिनी म्हणाल्या, गाडी आत गेलीच नव्हती, रांगेतून तुम्ही परत आलात, आणि शटरचा नियम गाड्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. यावर वस्तादांनी मान तिरकी केली. ते मी प्रथमच पाहत होतो.

परतताना वस्ताद पुढे, आम्ही मागे. प्रत्येक वळणाला ते इंडिकेटर देत आणि आरशात बघत. वहिनी खिडकीतून हात बाहेर काढून वर करत: बरोबर आहे. मग ते वळत. सव्वीस किलोमीटर हेच चाललं. आमच्या मागच्या गाड्यांना काय वाटलं देव जाणे.

शेवटचं वळण गॅरेजच्या गल्लीत. तिथे वस्ताद इंडिकेटर द्यायलाच विसरले. वहिनींनी त्या वाऱ्यात डोकं बाहेर काढलं.

"अहो, डावा!"

डावा लागला. गल्लीतल्या उदोनवालीने काउंटरवरून मान वर केली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, कोगुऱ्यांची बाई आली एकदाची गुन्मात."