बाईंचा आ

आमच्या कोल्हारच्या अंगणवाडीच्या बाई पोरांना अ जीवनसत्त्वाचा डोस पाजताना स्वतःच मोठा आ करतात. मला त्याचं नेहमी हसू यायचं.

परवा मी ऊसतोड कामगारांचं बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवत होतो. बाई थेट माझ्या ट्रॅक्टरपुढे उभ्या राहिल्या. मी हॉर्न वाजवत राहिलो, त्याची अजून लाज वाटते.

"वाजवा दादा, वाजवा! दिस बुडला की ट्रॉलीतल्या ह्या पोरीला दिसत न्हाई. तेलातलं औषध हाय, लई महिने अंगात साठून ऱ्हातं. तेवढं पाजू द्या, मग खुशाल जावा."

ट्रॉलीत चढून त्यांनी चमचा पुढे केला. पोरगी दात आवळून बसली. बाईंनी आ केला. मग पोरीनंही केला.

ट्रॅक्टरच्या आरशात पाहिलं, तर माझंही तोंड उघडंच होतं.