पाइपाच्या आतलं तेल

माझी शेवटची पोस्टिंग उत्तर सीमेवर, बर्फातल्या एका पोस्टवर होती. पायदळातून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि हसनाबादला रस्त्याच्या कडेला वेल्डिंगचं दुकान टाकलं. लोक येतात, पोस्टवरच्या गोळीबाराचं विचारतात. खरं सांगू? तिथं निम्मा दिवस हत्यार साफ करण्यातच जायचा. पुलथ्रू म्हणजे एक दोरी, तिच्या टोकाला तेलात भिजवलेली चिंदी. ती रायफलच्या नळीतून ओढायची. ताप असला तरी ओढायची.

माझ्या सेक्शनमधला नायक दिगंबर, धावडा गावचा, या कामात लई कडक. स्वतःची रायफल झाली की माझीही ओढून घ्यायचा. "द्या इकडं, उस्ताद. तुमचं सगळं वरवरचं असतंय." हवालदाराला असं बोलायची हिंमत त्याच्या एकट्यातच होती. एका सकाळी पेट्रोलिंगवर त्याला गोळी लागली. त्याला मी खाली आणलं. तो वाचला न्हाई.

यंदा धावड्याच्या शाळेनं त्याच्या नावानं झेंड्याचा नवा खांब उभारायचं ठरवलं. महाराष्ट्र दिनाला झेंडा चढवणार त्याची माय. खांब मी देतो म्हणालो. खालचा पाइप जाड, वरचा पातळ, मधे एक जोड. पातळ पाइपाला साध्या रॉडनं भोकं पडतात, म्हणून टिगचं मशीन घेतल्तं. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात तार. टॉर्चमधून आर्गन गॅस येतो, तो वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत न्हाई. शिकून महिना झाल्ता. हात बसला असं मला वाटून राह्यलं होतं. वाटायला काय जातंय!

आदल्या दिवशी सकाळी जोड मारायला घेतला. दुपारी टेम्पो येणार होता. टॉर्च लावली आणि तडतड ठिणग्या उडायला लागल्या. जोड काळा, वर फोड, टाचणीनं टोचल्यावानी भोकं. हातोडी मारली तर सुटलाच. आत नुसती जाळी.

डोकं सटकलं. मशीनला दोन शिव्या हासडल्या. मंग खाली बसलो. रायफल अडकली, म्हणजे स्टॉपेज आला, की बावचळायचं न्हाई, ड्रिल करायची, एका वेळी एकच गोष्ट तपासायची. वाऱ्यानं गॅस उडू नये म्हणून कूलर बंद केला. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली. जोड मारला, परत भोकं. टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सुईचं टोक घाण झाल्तं, ते घासून टोकदार केलं. परत भोकं. पाइपावरची काळी खपली ग्राइंडरनं काढून लोखंड पांढरं केलं. तरी भोकं! दर वेळी खराब जोड कापावा लागायचा आणि पाइप आखूड व्हायचा. आता हा जोड कापल्यावर अजून एकदा कापावा लागला असता तर तो खांबाला पुरलाच नसता.

मंगल, माझी बायको, चहा घेऊन आली. "अहो, भोकांत वरून लांबी-पुट्टी भरा, रंग मारा. कोण वर चढून बघून राह्यलं?"

"आणि खाली कोण उभं राहणार, माहीत हाये ना? दिगूची माय."

तिनं चहा पुढं सरकवला. मला भीती तीच होती. त्या बाईचा पोरगा मी जिवंत आणू शकलो न्हाई, आता तिच्या डोक्यावर खांब पाडू का?

नायरला फोन लावला. आमच्या युनिटच्या वर्कशॉपचा हा गडी अजून वायरलेसवर असल्यासारखाच बोलतो.

"नायर, स्टॉपेज है."

"बोलो. गॅस?"

"ठीक."

"पंखा?"

"बंद."

"लोहा घिसा?"

"चांदी जैसा."

"तार?"

"तार भी साफ. तेल लगाके रखी है."

"क्या लगाके?"

"तेल. जंग न लगे इसलिए."

"अरे भगवान! पाइप को भी?"

"अंदर से. पुलथ्रू मारके."

नायर खो खो हसला. मंग आवाज एकदम बदलला. "तेल जलेगा, धुआँ बनेगा, लोहे में फँसेगा. वही छेद है. तार पोंछो, पाइप अंदर से सुखाओ. एसीटोन लो. पूरा उड़ने दो, तब तक चिंगारी नहीं. आउट."

मी कपाळावर हात मारून घेतला. नोकरीभर लोखंड दिसलं की तेल लावलं. पाइप आला तेव्हा मला तो रायफलच्या नळीसारखाच दिसला आणि मी इमानदारीत आतून तेल ओढलं. बाहेरून कितीही घासला असता तरी आतलं तेल उकळून वर येणारच होतं.

मंग एसीटोनच्या चिंद्या ओढल्या. पहिल्या पिवळ्या आल्या, शेवटची पांढरी आली. तार पुसली. बाटली लांब नेऊन ठेवली, पाइप वाळू दिला. आधी कापून पडलेले दोन तुकडे आतून-बाहेरून पुसून जोडले आणि शिकंज्यात धरून वाकवले. तुटले न्हाईत. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न.

"भाऊ, जल्दी करा!"

"थांब म्हणतो ना!"

खरा जोड लावला. तडतड न्हाई, धूर न्हाई. श्वास धरून पाइपाभोवती फिरलो. तोंडावरची काळी काच वर केली तेव्हा बनियन पिळून काढावं इतकं भिजल्तं. जोड बराबर आल्ता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावड्याला वारा सुटल्ता. मायनं दोरी धरली. सगळा गाव झेंड्याकडं बघत होता, मी जोडाकडं. झेंडा फडकला, पाइपाचं टोक जरा वाकलं आणि सरळ झालं. जोड हालला न्हाई. मंग मी सॅल्यूट केला.

पोरं पांगली. माय खांबाला हात लावून उभी राह्यली.

"लई जड असंल रे हे?"

"व्हय माय. चौघांनी उतरवला."

"दिगूला तर तू एकट्यानंच आणलं म्हणत्यात."

"व्हय."

"जड झाल्तं का रे माझं लेकरू?"

"न्हाई माय. बिलकुल न्हाई."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि घराकडं निघाली.

दिगू आमच्या सेक्शनमधला सगळ्यात धिप्पाड गडी. बर्फातून उतरताना मी त्याच्यासकट दोनदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा तो म्हणाला, "सोडा मला, उस्ताद. दमलात तुम्ही." त्यानंतर तो काही बोलला न्हाई.