तांबडी वाईन आणि कारळाचं वांगं

घास तोंडात घालण्याआधी डॉक्टर तो नाकाशी नेत. डोळे मिटत. मग मान हलवत म्हणत, "न्हाय. ह्याची तिच्याशी जोडी लागायची न्हाय." आणि चिडून जेवायला लागत.

'ती' म्हणजे वाईन. तांबडी वाईन. पंगतीला बसलेल्या नवख्या माणसाचा मात्र भलताच समज होई.

उमरग्यात हैदराबाद रस्त्याला लागून आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. मी गावातल्या शाळेत मास्तर. दवाखान्यामागच्या खोलीत भाड्यानं एकटाच राहायचो, म्हणून रविवारचं जेवण त्यांच्याकडं. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती, पण गावात अजून अर्ज उर्दूत सुरू होऊन मराठीत संपायचे. डॉक्टर महायुद्धात फौजेबरोबर इटलीला गेलेले. तिथं एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा मुक्काम पडला. ते नवराबायको दुपारी एका टेबलाशी बसून जेवत आणि जेवताना घरच्या द्राक्षांची वाईन घेत. त्या टेबलाचं डॉक्टरांना असं काही वेड लागलं की उमरग्याच्या धुळीतही ते उतरलं नाही.

गावाला हे कळणं अवघडच होतं. आमच्याकडं प्यायची म्हणजे शिंदी, नाहीतर हातभट्टीची, आणि तीही पडेपर्यंत. डॉक्टर ट्रकवाल्यांकरवी हैदराबादहून दोन-चार बाटल्या मागवत, तेवढ्यावर 'डॉक्टर पितो' असा बभ्रा झाला. तापलेलं पोर घेऊन आलेल्या बायका आधी डॉक्टरांच्या तोंडाचा वास येतो का बघत, मग पोर पुढं करत.

"अहो, ही चढवायची चीज न्हाय, जेवायची चीज हाय!" ते माझ्यावर ओरडत. जसं काही मीच त्या बायकांना शिकवून पाठवलं होतं.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. जेवण आणि वाईन यांची जोडी दोन तऱ्हांनी लागते. एक तर दोघांत एखादी चव सारखी हवी. वाईनला धुराचा, मिऱ्याचा वास असेल, तर पदार्थातही तो असावा. "म्हणजे वळख पटती," ते म्हणत. नाहीतर एकाकडं नसेल ते दुसऱ्याकडं हवं. वाईन तुरट, जीभ आवळणारी. तिला तेलाचा, तुपाचा, चरबीचा पदार्थ द्यावा. तो तिचा तुरटपणा उतरवतो, ती त्याचा तेलकटपणा धुऊन काढते. "म्हणजे गरज पडती. गौर करा मास्तर, वळख नसली तरी चालंल, गरज तरी पाहिजे."

मी गौर करायचो. एकदा त्यांनी मला घोटभर दिली होती. मला ती जांभळाचं साल चघळून वर शाई प्यावी तशी लागली. तसं सांगितल्यावर ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

एकदा एका रस्त्याच्या ठेकेदारानं त्यांना बोकडाचं मटण खायला बोलावलं. डॉक्टर मोठ्या उमेदीनं बाटली घेऊन गेले. मलाही ओढून नेलं. आपल्या भागातला बोकड, भरपूर चरबी, वर काळ्या मसाल्याचा धुरकट वास. जोडी लागणारच होती. पण रश्श्यात ठेकेदाराच्या घरच्यांनी तिखट सढळ हातानं घातलेलं. डॉक्टरांनी घास खाल्ला, वर वाईनचा घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिखटानं वाईन पार कडू केली होती. तेवढ्यात ठेकेदारानं आपल्या पेल्यातल्या वाईनमध्ये सोडा ओतला, चिमूटभर मीठ टाकलं आणि खूश होऊन म्हणाला, "आता लागली बघा गोड!"

परतताना डॉक्टर रस्ताभर माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिले.

खरी अडचण घरातच होती. वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायको, सीमेपलीकडच्या, कानडी मुलखातल्या, कडक शाकाहारी लिंगायत घरातल्या. डॉक्टरही त्यातलेच, पण फौजेत सगळं खायला शिकलेले. बाटलीचं कपाट वहिनींनी कधी उघडलं नाही. पेला डॉक्टर स्वतः विसळत. ते बाहेरच्या खोलीत जेवत, वहिनी सगळ्यांचं आटोपल्यावर चुलीपाशी. "एकत्र बसू" असं डॉक्टर एक-दोनदा म्हणाले होते, तेव्हा वहिनींनी "लोक काय म्हणतील" म्हणून विषय संपवला होता.

म्हणून मग ते वहिनींच्याच हातचं काही वाईनला जुळतं का ते शोधत राहिले. शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं, आंबाडीची भाजी. दर रविवारी नाकाशी घास आणि "न्हाय". एकदा त्यांनी सरळ सांगितलं, "उद्यापासून तिखट घालू नको."

वहिनींनी पळी खाली ठेवली. "इतकी वर्षं माझ्या हातचं गोड लागत होतं. आता त्या बाटलीला इचारून सैपाक करू व्हय?"

दोन दिवस त्या घरात फक्त भांडी वाजत होती.

पुढं आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. त्याबरोबर तिकडची दारूबंदीही आपल्याकडं येणार, असं लोक बोलायला लागले. डॉक्टरांकडं एकच बाटली उरली होती. कायदा लागू झाल्यावर ती घरात ठेवणार नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या बाबतीत ते फौजीच होते. ते सारखे चिडचिड करत. पेशंटवर, माझ्यावर, दारावरून जाणाऱ्या ट्रकवर.

एके दिवशी दवाखान्यात गर्दी असताना वहिनींनी मला मागच्या दारी थांबवलं.

"मास्तर, तुमी घेतली होती न्हवं एकदा? तिची चव कशी असती?"

मी गांगरलो. मग आठवेल तसं सांगितलं. तुरट. थोडी आंबट. जांभळासारखी, पण गोड नाही. मागून लाकडाच्या धुरासारखं काहीतरी.

"आन् तिखटानं बिघडती?"

"हो. फार."

त्या मान हलवत आत गेल्या.

त्या रविवारी ताटात भरली वांगी आली. दरवेळची नव्हती. आत कारळ भाजून कुटलेलं, खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजलेलं, मिरचीऐवजी मिरं, आणि वर करडईच्या तेलाचा तवंग. शेजारी ज्वारीची कडक भाकरी. डॉक्टरांनी घास नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मग भाकरी ताटात ठेवून लगबगीनं उठले आणि बाटली घेऊन आले.

बूच निघालं आणि खोलीभर आंबट वास पसरला. पत्र्याखालच्या कपाटात उन्हाळा काढून वाईनचा शिरका झाला होता. डॉक्टरांनी तरी पेल्यात ओतली, घोट घेतला, खिडकीतून थुंकला. मग त्यांनी बाटली मोरीत रिकामी केली, ताटावर बसले आणि सगळी वांगी संपवली.

"मिरं जरा जास्त झालं का?" वहिनींनी दारातून विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "बरोबर हाय. सगळं बरोबर हाय. तेच तर..." आणि ते हात धुवायला मोरीकडं गेले.

वर्षभरात त्यांनी दवाखाना विकला आणि हैदराबादला एका इस्पितळात नोकरी धरली. तिथं बंदी नव्हती. लोक म्हणाले, बाटलीपायी गाव सोडलं. त्यात थोडं तथ्य असावं.

पुढं एका सुट्टीत मी त्यांच्याकडं गेलो. डॉक्टर निम्मे झाले होते. पोटात अल्सर. भात, ताक, मऊ खिचडी. घरापासून हाकेच्या अंतरावर दुकान, त्यात हवी ती वाईन, आणि ह्यांना थेंबाची मनाई. मनाई करणारा डॉक्टर ह्यांच्याच हाताखालचा. मला इतका राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

"बसा मास्तर," ते म्हणाले. टेबलावर बाटली होती. माझ्यासाठी आणलेली. वहिनींनी कारळाची वांगी वाढली आणि त्या आत न जाता समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्यापुढं ताट होतं.

"आधी घास खावा. घाईनं गिळू नका. आता घोट घ्या. हां. बोला!"

तीच तुरट, शाईसारखी वाईन. पण जिभेवर कारळाचा कडवटपणा होता, तेल होतं, भाजल्या खोबऱ्याचा धूर होता. घोट त्यावरून गेला आणि तुरटपणा कुठं गेला ते कळलंच नाही. जांभळाचा स्वाद तेवढा राहिला आणि मिरं मागून हळूच वर आलं. मी न सांगता दुसरा घास घेतला.

डॉक्टर पुढं झुकून माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांच्या हातात ताकाचा पेला होता.

"जमलं का, मास्तर?" हे वहिनींनी विचारलं.

"जमलं, वहिनी."

त्यांनी मान खाली घालून भाकरी मोडली. डॉक्टर मला पुढचं काही विचारतील असं वाटलं होतं. वास, चव, सगळं खोदून खोदून. पण खुर्ची वळवून ते वहिनींकडं बघत बसले. ताक तसंच हातात.

पावसाळ्यानंतर ते गेल्याचं कळलं.