दादा येण्याआधीचे ओके

स्टुडिओचं शटर सकाळी मी उघडते. हे काम मला कुणी सांगितलेलं नव्हतं, गेल्या लग्नसराईत मीच ते अंगावर घेतलं. स्टुडिओ दादांचा, त्यांना वाटलं, पोरगी कामसू आहे. खरं कारण असं की, एडिटिंगचं सॉफ्टवेअर सुरू होताना पडद्यावर इंग्रजी चौकटी यायला लागल्या होत्या, आणि दादा यायच्या आत मला त्या मिटवून टाकायच्या असत.

एका चौकटीवर ओके दाबलं की ती जायची आणि तिच्या जागी तशीच दुसरी यायची. पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, बाजूला न कळणारा मजकूर. मधेच सगळं थिजायचं आणि मी दाराकडे बघायची. मग पुन्हा एक चौकट. मी एका हाताने अगरबत्ती ओवाळायची आणि दुसऱ्या हाताने एंटर दाबायची. देवाला काय वाटत असेल, कोण जाणे.

भीती कसली, ते सांगते. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात. आठवीपर्यंत शाळा गावात होती, नववीला पलीकडच्या गावी जावं लागे. जायला सोबत मिळेना, मग शिक्षण राहूनच गेलं. इकडे शहापूरला आले ती ताईच्या बाळंतपणाला. भाऊजी आसनगावच्या एका कारखान्यात. बाळ रांगायला लागलं तरी मी परत गेले नाही, कारण वहिनींनी मला स्टुडिओत बोलावलं. वहिनी म्हणजे दादांची बायको. पुढच्या काउंटरवर पासपोर्ट फोटोंचं काम त्या बघतात. आधी मी अल्बमची पानं चिकटवायची. मग दादांच्या मागे उभी राहून बघत बघत व्हिडिओची कापाकापी शिकले, आणि एक दिवस दादा लग्नाला शूटिंगला गेले ते मला त्यांच्या खुर्चीत बसवून. ती खुर्ची गेली तर ताईच्या दोन खोल्यांत नुसती पाहुणी होऊन राहायचं आणि मग घरची गाडी धरायची. आईने फोनवर विचारलं, की मी सांगायचे, सगळं ठीक आहे. बाकी सगळं खरंच ठीक होतं. फक्त त्या चौकटी तेवढ्या होत्या, आणि मशीन माझ्याच हातून बिघडलंय अशी माझी पक्की समजूत झाली होती.

त्या दिवसांत किन्हवलीवरून पुढे, मुरबाडच्या बाजूच्या एका गावातल्या हळदीचं शूटिंग माझ्याकडे कापायला आलं होतं. इकडे हळदीला धवलारीण लागते. विधी पुढे सरकतो तसे ती धवळे, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणते. तिने म्हटल्याशिवाय हळद लागत नाही, घरचे ताटकळत थांबतात. या गावच्या धवलारीणबाई चांगल्या वयस्क होत्या. आवाज असा, की कापता कापता मी बाकीचं विसरून ऐकत बसायचे. पण मांडवामागे जनरेटर होता आणि त्याची घरघर आवाजावर चढून बसलेली. सॉफ्टवेअरच्या यादीत मला आवाज साफ करायचा एक नवीन प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, दिसला होता. तो लावला आणि घरघर पार गेली. मी खूश. नवरीच्या आईला निरोप गेला, बाजाराच्या दिवशी या आणि बघून घ्या.

बाजार दोन दिवसांवर आला तेव्हा मी सगळी हळद पहिल्यापासून ऐकायला बसले. धवलारीणबाई म्हणतायत, म्हणतायत, आणि मधेच आवाज बंद. तोंड हलतंय, आवाज नाही. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. आता ओके दाबून भागणार नव्हतं.

मी मोबाइलने त्या चौकटींचे फोटो काढले आणि मोबाइललाच मराठी करायला सांगितलं. त्याने केलेलं मराठी ओबडधोबड होतं, पण एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, चाचणीचा कालावधी संपला आहे. म्हणजे काहीतरी फुकट वापरायला दिलेलं होतं आणि त्याची मुदत सरली होती. तेच मी धवलारीणबाईंच्या आवाजाला लावलं होतं. पण ते मशीनमध्ये आणलं कुणी? मी नक्कीच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तसं म्हणता आलं.

दादा आले. मी चहा पुढे केला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चौकटी, माझं लवकर येणं, आवाज तुटतोय ते. दादांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी काउंटरकडे बघितलं, वहिनी गिऱ्हाइकात होत्या.

"तू रजेवर असतेस तेव्हा मीपण ओकेच दाबतो गो," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, जुनं मशीन, असंच असेल."

मग हळूहळू बाहेर पडलं. दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत स्टुडिओला काम नसतं, आणि नेमकी तेव्हाच बेंजोवाल्यांची, म्हणजे हळदीत वाजवणाऱ्या पार्टीची, येणाऱ्या हळदींसाठी गाणी बसवायची घाई असते. दादांनी त्यांना मशीन वापरायला दिलं होतं. वहिनींनी बजावलं होतं, की देऊ नका, म्हणून ही गोष्ट घरात निघाली नव्हती. मी सुट्टीवर होते त्या दिवसांत बेंजोचा कीबोर्डवाला खर्डीहून यायचा आणि त्याने गाण्यांसाठी ढीगभर प्लगिन आणून टाकले होते.

दादांनी त्याला फोन लावला. तो म्हणाला, ते सगळं एकाच फोल्डरात गेलंय, आवाजाचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडलं की आधी तिथे डोकावतं. डिलीट नको, म्हणाला, नुसतं उचलून दुसरीकडे ठेवा, मला यादी लागेल. मी सॉफ्टवेअर बंद केलं आणि तो सांगेल तसा फोल्डर शोधला. आत काही आमचेही प्लगिन होते, म्हणून सगळे एकदम उचलायची छाती होईना. थोडे बाहेर काढायचे, सॉफ्टवेअर उघडून बघायचं, बंद करायचं, पुन्हा थोडे. प्रत्येक वेळी चौकटी कमी होत गेल्या. शेवटी एकच उरली, ती आवाज साफ करणाऱ्याची. मी दादांकडे बघितलं. ते म्हणाले, काढ. तोही बाहेर गेला आणि सॉफ्टवेअर काही न बोलता उघडलं. दादांनी पडद्याला नमस्कार केला.

वहिनी एवढ्यात मागे येऊन उभ्या होत्या. "बेंजोवालेच ना?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, चहा गार झाला बहुतेक. वहिनी म्हणाल्या, आता गारच प्या.

आवाज आता तुटत नव्हता, पण जनरेटर परत आला होता. सॉफ्टवेअरमध्ये मूळचीच एक आवाज साफ करायची सोय असते, ती वापरून मी घरघर जेवढी जाईल तेवढी घालवली.

बाजाराच्या दिवशी नवरीची आई आली आणि तिच्यासोबत स्वतः धवलारीणबाई. त्यांनी आपला आवाज कधीच ऐकला नव्हता. वहिनींनी त्यांना माझ्या शेजारी स्टुलावर बसवलं, मी पदरावरूनच त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्या डोळे मिटून ऐकू लागल्या. ऐकता ऐकता त्यांचा उजवा हात मांडीवर हलायला लागला, हळद लावल्यासारखा. मग थांबला. त्यांनी हेडफोन काढला.

"माजा गला असा उपाशी कशाला ठेवलास गो पोरी?"

मी घाबरले. दादाही पुढे आले. मी समजावलं, की घरघर घालवताना आवाज जरा बारीक झालाय. त्या म्हणाल्या, "घरघर होतीच ना मांडवात. मी तिच्यावरून म्हनली. थोडी ऱ्हाऊ दे."

मी साफ करायचं निम्म्यावर आणलं. मांडवामागचा जनरेटर लांबून ऐकू येऊ लागला, आणि त्याच्या वरून त्यांचा तो भरलेला आवाज. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि नवरीच्या आईला कोपराने ढोसलं. "आता मी हाय ती. नाय तर वाटायचं, दुसरीच कोन आनली." नवरीची आई हसता हसता डोळे पुसत होती. लेक सासरी जाऊन फार दिवस झाले नव्हते.

त्या गेल्यावर दादांनी कीबोर्डवाल्याला पुन्हा फोन केला, मुद्दाम वहिनींना ऐकू जाईल असा. "पुढच्या टायमाला मशीनमध्ये काय टाकायचं असंल तर पोरीला विचार आधी. ती नाय म्हनली तर नाय." मी खाली मान घालून केबल गुंडाळत होते. गुंडाळलेली केबल पुन्हा सोडून मी परत गुंडाळली.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. तिने विचारलं, कसं आहे गं? मी म्हटलं, ठीक आहे. या वेळी बाकी काही मागे ठेवावं लागलं नाही.

शटर अजून मीच उघडते. सॉफ्टवेअर सुरू होतं तेव्हा बोट आपोआप एंटरवर जातं. चौकट येत नाही. ते थेट उघडून माझी वाट बघत बसतं, आणि दादा येईपर्यंत माझा चहा निवांत होतो.