रोलरवाल्याचा दोरा

"ह्यांना बसण्याशिवाय दुसरं काही येत नाही," असं रोलरवाल्याची बायको लग्नापासून म्हणत आली होती, आणि ते हसण्यावारी जायचं. खोटं नव्हतंच ते. रस्त्यावर गरम डांबराचा माल पसरायचा आणि ह्याने वर बसून रोलर फिरवायचा. पुढे-मागे, पुढे-मागे, धडधड धडधड. उभी हयात त्यात गेली. मग बसायच्या जागेशेजारी गळू आलं, फुटलं, भरलं, पुन्हा फुटलं. डॉक्टरीणबाईंनी निदान केलं, भगंदर. आतून बाहेरपर्यंत वाटच पडलेली. त्या वाटेतून त्यांनी दोरा ओवला आणि बाहेर गाठ मारून ठेवली.

"दोऱ्यामुळे आत पू साचणार नाही, ठीके? काही महिने राहील. ओढायचा नाही, कापायचा नाही, ठीके?"

ठीक कसलं! गाठ टोचायची, कपडे ओले व्हायचे, खोकला आला तरी डोळ्यांसमोर काजवे. बायकोने जुने बनियन कापून मऊ घड्या केल्या. दोन वेळा टबात कोमट पाणी काढायची आणि हाक द्यायची, "या राजे, सिंहासन तयार आहे!"

"हळू बोल गं, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांना वाटेल, आमच्याकडे राजा आहे."

पाण्यात तेवढं बरं वाटायचं. उठलं की जैसे थे.

त्याला एकच ध्यास होता, पुन्हा रोलरवर बसायचं. मुकादमाने जागा धरून ठेवली होती, पण तो तरी किती धरणार? शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसून बघा. मऊ उशी घ्या आणि मधूनमधून उठा, ठीके?"

घोळ तिथेच होता. माल गरम असताना रोलर मध्येच थांबवता येत नाही; थांबला की आपल्याच वजनाने खाली रुततो. हे तो बोललाच नाही. बोलला असता तर बाईंनी नाहीच म्हटलं असतं.

"या, या! बसा, बसा. जपून, जपून," मुकादम म्हणाला. त्याचं सगळंच दोनदा.

पहिली फेरी निभावली. दुसरीत उशी असून नसल्यासारखी झाली. यंत्राची प्रत्येक धडधड नेमकी गाठीवर. तो एका कुल्ल्यावर बसला, मग दुसऱ्यावर, मग चाक धरून अर्धवट उभा राहिला. शेवटी हाताने आपोआप रोलर थांबवला. दोनच श्वास घ्यायचे होते. तेवढ्यात खाली लांबलचक खड्डा पडला.

"होतं, होतं," मुकादम म्हणाला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माल उकरून काढला, नवा टाकला, आणि रोलरवर दुसरा माणूस चढला. ह्याच्या हातात गाड्या अडवायचा लाल झेंडा आला. "उभ्याचं काम, उभ्याचं काम. आराम पडेल."

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. बायकोने पाणी काढलं, पण हाक दिली नाही.

पुढच्या तपासणीत बाईंना आतल्या वाटेला आणखी एक फाटा सापडला. दुसरा दोरा पडला. पुन्हा कधी बसता येईल, हे त्याने विचारलं नाही.

आता तो रस्त्याच्या तोंडाशी झेंडा धरून उभा असतो. तोंड गाड्यांकडे, कान मागे. मागचा नवा माणूस एकदाही थांबत नाही. चांगला चालवतो, हेच वाईट.